शेवरघरच्या सड्यावर नदीचे दगड

शेवरघरचा सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचे सपाट, तांबडे पठार. सगळा जांभा दगड, जाळीसारखा भोकाभोकांचा, उन्हात तापला की चपलेतूनही चटका देणारा. या सड्याच्या पूर्वेच्या टोकाला, जिथून जुनी वाट काळगंगा नदीच्या पात्राकडे उतरते, तिथे काळ्या दगडांचा एक मोठा ढीग आहे. दुरून पाहिले तर छोटी टेकडीच वाटावी. दगड गुळगुळीत आहेत, गोल आहेत, पाण्याने वर्षानुवर्षे घासलेले आहेत. जांभ्यात असा दगड होत नाही. तो नदीचाच, आणि नदी तर खाली खोल दरीत. एवढे दगड वर कसे आले, हे इथे पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण विचारतो.

सांगायला बयाजी आखाडे असतात. सड्याखालच्या धनगरवाड्यातले हे सर्वांत वयस्क गृहस्थ. उभा जन्म म्हशींमागे गेला. आता म्हशी नातू पाहतो आणि बयाजीबाबा ढिगाच्या कडेला घोंगडी टाकून बसतात. ही गोष्ट ते अनेकांना सांगतात, पण गेल्या हिवाळ्यात त्यांनी ती ज्या आवाजात सांगितली तो आवाज वाड्यातल्या लोकांनीही आधी ऐकला नव्हता.

त्या दिवशी जिल्ह्याच्या गावाहून काही मंडळी आली होती. इंग्रजांनी या मुलखात आणलेल्या खेळांच्या खुणा शोधून जपाव्यात म्हणून त्यांनी एक समिती काढली होती. तिचे प्रमुख निमकर गुरुजी, शाळेत आयुष्यभर खेळ शिकवलेले, सज्जन माणूस. सड्यावर पूर्वी गोऱ्यांची छावणी होती, छावणीचा जिमखाना होता आणि या ढिगाखाली त्या जिमखान्याच्या शर्यतीचा शेवट दाखवणारा दगडी खांब आहे, हे त्यांना ठाऊक होते. त्या खांबावर क्रॉली नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याचे नाव आहे. तो इथे धावून धावून तयार झाला आणि ऑलिंपिकला गेला.

"बाबा, आपल्या डोंगराचा ऑलिंपिकशी संबंध आहे, हे लोकांना कळायला नको?" गुरुजी म्हणाले. "एवढे दगड बाजूला केले की खांब मोकळा होईल. आणि साहेबाबरोबर धावलेल्या तुमच्या जानू ढेबेचं नावही आम्ही त्याखाली कोरू. साहेबाच्या नावाएवढ्याच मोठ्या अक्षरांत."

बयाजीबाबांनी घोंगडी सरकवून जागा केली.

"हे बोलणं आधी एकदा होऊन गेलंय," ते म्हणाले. "बसा. सावली न्हाई, पण बसा."

जानू ढेबे हा याच वाड्यातला. बाप लहानपणीच गेलेला, घरात आई ठकुबाई आणि तो. जानू टपालाचा हलकारा होता. म्हणजे काळगंगेच्या उतारावर टपालाची थैली घ्यायची, खांद्यावर टाकायची, हातात घुंगरांची काठी धरायची आणि घाट चढून छावणीत पोचवायची. चालायचे नाही, धावायचे. घुंगरांचा आवाज आला की वाटेतली गुरे बाजूला होत आणि वाघरूही झाडीत सरके, असे सांगतात. पावसात वाट ओढ्यासारखी वाहायची तेव्हाही छावणीतल्या साहेबांना त्यांच्या घरची पत्रे चहाच्या आत मिळत.

हलकाऱ्याला सरकारातून एक पितळी बिल्ला मिळे. तो छातीवर लावल्याशिवाय वाटेवर पाऊल टाकायचे नाही, असा दंडक. बिल्ला पाहिला की नाकेवाला अडवत नसे, नावाडी थांबवून ठेवत नसे. वाड्यात तो बिल्ला म्हणजे मोठीच गोष्ट होती. म्हशींच्या शेणामुतात राबणाऱ्या माणसांतला एक जण सरकारचा म्हणून ओळखला जात होता. ठकुबाई दर आठवड्याला चिंच आणि राख लावून तो घासायची आणि तुळशीच्या कट्ट्यावर वाळत ठेवायची. पोरांनी हात लावला तर ओरडायची.

छावणीत दर हिवाळ्यात खेळ होत. साहेबांची शर्यत वेगळी आणि इथल्या लोकांची वेगळी. साहेब सड्याला फेरी मारून धावत. इथल्यांसाठी डोक्यावर घागर घेऊन पळण्याची शर्यत असे, पोत्यात पाय घालून उड्या मारण्याची असे. घागर फुटली, माणूस भिजला, तोंडावर पडला की मडमा छत्र्यांखाली हसून हसून बेजार होत. बयाजीबाबांच्या आज्याने त्या घागरी डोक्यावर घेतल्या होत्या. "आज्जा सांगायचा," बाबा म्हणाले, "घागर फुटल्याचं त्याला काय वाटायचं न्हाई. दुसरी घागर आणून हातात द्यायचे, त्याचं वाटायचं."

मग एका वर्षी छावणीत वेगळीच बातमी आली. दूर गोऱ्यांच्या मुलखात साऱ्या जगाचे खेळ भरणार होते, तेच ऑलिंपिक. वाड्यातले लोक त्याला जगाची जत्रा म्हणू लागले. या वर्षी सड्याच्या शर्यतीत जो पहिला येईल त्याचे नाव वर कळवायचे आणि तिथल्या परीक्षेत उतरला तर त्याला आगबोटीने जत्रेला पाठवायचे, असे ठरले. आणि शर्यत सगळ्या रयतेला खुली आहे, असे छावणीच्या हेडक्लार्कने दवंडी देऊन सांगितले. त्याला सगळे रावसाहेब म्हणत.

जानूने आईला विचारले. ठकुबाईने म्हणे एवढेच विचारले, "पाण्यावरनं जायचं, तर परत येशील न्हवं?"

"पळत येतो," जानू म्हणाला.

शर्यतीच्या दिवशी ठकुबाईने बिल्ला असा घासला की त्यात तोंड दिसावे. लेकरू साहेबांच्या ओळीत उभे राहणार होते. ते कुणी उपटसुंभ नाही, सरकारचा माणूस आहे, हे साहेबांना लांबून दिसायला हवे होते. तिने स्वतःच्या हाताने तो त्याच्या बंडीवर टाचला. बंडी जुनी होती म्हणून आतून चिंधी लावून टाचला, धावताना हलू नये म्हणून.

त्यापुढचे बयाजीबाबा थोडक्यात सांगतात. शर्यत अशी झालीच नाही, म्हणतात. जानू निघाला आणि आला. सड्याच्या पलीकडच्या कडेवरून तो वळला तेव्हा बाकीचे अजून अर्ध्यावर होते. शेवटाला दोन खुंटांना फीत बांधली होती ती छातीने तोडून तो थांबला, आणि सवयीने खांद्यावरची थैली द्यायला हात वर गेला. थैली नव्हती. तो हसला. त्याला हसताना पाहून वाड्यातली माणसेही हसली. मागून क्रॉली साहेब आला तो गुडघ्यांवर हात टेकून ओकत होता.

पंच म्हणून एक म्हातारा मेजर खुर्चीत बसला होता. त्याने जानूला जवळ बोलावले. पाठ थोपटायला बोलावले असेच सर्वांना वाटले. मेजरने काठीच्या टोकाने बिल्ल्याला टोचले आणि रावसाहेबाला काही विचारले.

"साहेब विचारतात, हा बिल्ला कशाचा?" रावसाहेब म्हणाला.

"सरकारचा," जानूने छाती पुढे करून सांगितले. "हलकारा आहे मी. सरकारची थैली पळवतो."

"पगार मिळतो?"

"मिळतो तर! फुकट पळवतील व्हय सरकार?"

माणसे पुन्हा हसली. रावसाहेब हसला नाही. मेजर आणि दोघे साहेब आपसांत बोलले, मान हलवली. मग रावसाहेबाने सांगितले की जानू ढेबे शर्यतीत नव्हताच असे धरायचे आहे. ही हौशी लोकांची शर्यत. जो धावण्याचे पैसे घेतो तो धंदेवाला. धंदेवाल्याबरोबर सभ्य माणूस धावत नाही. साहेबांच्या देशात तसा नियम आहे आणि जगाच्या खेळांतही तोच नियम आहे. पहिले आले क्रॉली साहेब.

जानूला कळेना. त्याने विचारले, "मग क्रॉली साहेब कशापायी पळाले?"

"हौसेनं."

"त्यांना पगार न्हाई?"

"पगार आहे. पलटणीचा. धावण्याचा नाही."

"पण दिसभर तर इथंच पळत असत्यात."

यावर रावसाहेबाने तोंड फिरवले. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून ठकुबाई पुढे आली. मेजरच्या खुर्चीमागे जिमखान्याचे शर्यतीचे घोडे बांधले होते. त्यांच्याकडे हात करून ती म्हणाली, "रावसाहेब, इचारा त्यांना. हे घोडे हौसेनं पळत्यात? का दाणा खाऊन पळत्यात? दाणा खात असतील तर सोडा त्यांना बी."

रावसाहेबाने हे मेजरला सांगितले की नाही ते कुणालाच माहीत नाही. मेजर चहाला उठून गेला.

आता इथे आपण म्हणू की झाले ते झाले. एका माणसाला शर्यत जिंकूनही हरवले, असे तर रोज घडते. पण गोऱ्यांचे तेवढ्यावर भागले नाही. क्रॉली साहेबाला वरच्या परीक्षेत उतरायचे होते, आणि एकट्याने धावून कुणी वेगवान होत नाही, पुढे कुणीतरी लागतो. म्हणून टपालाच्या साहेबाकडून हुकूम आणला. सकाळी जानूने थैली घेऊन घाट चढायचा आणि संध्याकाळी क्रॉली साहेबाच्या पुढे सड्यावर धावायचे. साहेबाने त्याची पाठ धरायची. मात्र शेवटचे वळण आले की जानूने वाट सोडून बाजूला व्हायचे आणि फितीपर्यंत साहेबाने एकट्याने जायचे. शेवटची रेघ धंदेवाल्याने ओलांडायची नाही.

जानू नाही म्हणाला तर बिल्ला गेला असता. तो रोज धावला. शेवटच्या वळणाला रोज करवंदीच्या जाळीत शिरून उभा राहिला. वाड्यातली माणसे सड्यावर म्हशी घेऊन असत, ती हे पाहत. कुणी पाहतेय असे दिसले की जानू जाळीत आणखी आत सरके, असे सांगतात. काटे लागत. ठकुबाई घरी त्याच्या दंडांवरच्या ओरखड्यांना हळद लावायची.

साहेब वेगवान होत गेला. जानू खंगत गेला. त्याला बारीक ताप राहू लागला, खोकला सुटला. टपालाच्या साहेबाने म्हणे सांगितले की हिवाळा आहे, खोकला सगळ्यांनाच असतो. क्रॉली साहेब वरच्या परीक्षेत उतरला अशी तार आली तेव्हा छावणीत बँड वाजला. शर्यतीच्या शेवटाला फितीच्या खुंटांच्या जागी चुन्याने पांढरा केलेला दगडी खांब उभा राहिला, आणि त्यावर क्रॉलीचे नाव खोदले, तो इथे धावून तयार झाला असे लिहून. आगबोट सुटायला अजून अवकाश होता, म्हणून संध्याकाळचे धावणे चालूच होते.

अशाच एका संध्याकाळी जानू पुढे आणि साहेब मागे असे दोघे शेवटच्या वळणाला आले. जानू वळला नाही.

साहेब मागून ओरडला. रावसाहेब ओरडला. जाळी मागे पडली. जानू सरळ खांबाकडे धावत गेला, आणि पाहणारे सांगत की इतक्या वेगात त्याला कुणी, थैली पाठीवर नसतानाही, धावताना पाहिले नव्हते. रेघ ओलांडली आणि तो खांबाच्या पायथ्याशी पडला. तोंडातून रक्त आले. माणसे पोचेपर्यंत संपले होते.

छावणीच्या दप्तरात त्या दिवशीचे काही नाही. असायचे कारण नाही. धंदेवाला हलकारा तापाने मेला, एवढेच.

जानूला काळगंगेच्या काठावर अग्नी दिला. आपल्यात मर्तिकाच्या वेळी नदीतला एक दगड उचलतात, त्याने मडके फोडतात आणि तो जपून ठेवतात. त्याला जीवखडा म्हणतात. गेलेल्याचा जीव दहा दिवस त्या दगडात असतो. दहाव्याला पिंड ठेवायचा, कावळा शिवला की दगड पाण्यात सोडायचा आणि माणूस मोकळा.

दहाव्याला पिंड ठेवला. झाडावर कावळे होते. एकही खाली उतरेना. माणसे हात जोडून बोलू लागली. "जानू, आईला आम्ही बघू." कावळा नाही. "म्हशी आपल्यात घेऊ, घर शाकारू." कावळा नाही. ऊन चढले. रावसाहेबही आला होता. त्याचेही मन खात असेल. तो पुढे होऊन म्हणाला, "जानू, मी साहेबांच्या पाया पडतो. त्या खांबावर खाली तुझंही नाव कोरायला लावतो."

झाडावरचे कावळेच उडून गेले.

तेव्हा ठकुबाई उठली. तोवर ती रडली नव्हती, असे सांगतात. तिने जीवखडा उचलला. "ह्याला नाव नको," ती म्हणाली. "तुमच्या खांबावर तर नकोच नको. जानू, ऐक. हा दगड मी पाण्यात सोडत न्हाई. ह्यो वर नेते. त्यो खांब डोळ्यांला दिसायचा बंद होईस्तोवर आपल्यातलं कुणी थांबायचं न्हाई. ही तुझ्या आईची आण."

कावळा कुठून आला ते कुणाला दिसले नाही. पिंडाला शिवला आणि गेला.

ठकुबाई तो दगड पदरात घेऊन हलकाऱ्याच्या वाटेने घाट चढली. मागे सगळा वाडा. वर आल्यावर तिने दगड मारला तो खांबावर, साहेबाच्या नावावर. एक अक्षर उडाले म्हणतात. शिपाई धावले, तिला धरले. रावसाहेबाने विचारले, "असं का केलंस, बाई?"

"हौसेनं," ठकुबाई म्हणाली. "पैसे न्हाई घेतले."

दुसऱ्या दिवशी खांबापाशी चार दगड होते, मग टोपलीभर. छावणीने ते गाडीत भरून नदीत टाकले. सकाळी पाहावे तर दगड पुन्हा वर. पहारा बसवला तरी वर. काळगंगेचे दगड आपण होऊन घाट चढतात, अशी वार्ता पंचक्रोशीत झाली आणि शिपाई पहाऱ्याला यायला नकार देऊ लागले.

इथे निमकर गुरुजींबरोबरच्या एका तरुणाने विचारले, "खरंच चढायचे, बाबा?"

"दगडाला पाय असत्यात व्हय?" बयाजीबाबा म्हणाले. "माणसं चढायची. पण साहेबानं विचारलं तर सांगायचं काय? दगड चढले म्हणून सांगितलं. त्यांचे नियम त्यांनी केले, आमचा चमत्कार आम्ही केला."

क्रॉली साहेब जत्रेला गेला. तिथे कितवा आला ते इकडे कुणाला कळले नाही, म्हणजे वरच्या नंबरात आला नसावा. परत तो सड्यावर आला नाही. काही लोक असेही सांगतात की आगबोटीला जायच्या आदल्या दिवशी तो एकटाच नदीवर उतरला, एक दगड घेऊन घाट चढला आणि गुपचूप ढिगावर टाकून गेला.

"लोक सांगतात," बयाजीबाबा म्हणाले. "मी सांगत न्हाई. त्याला बोलायचं होतं तर मेजरच्या खुर्चीपुढं बोलायचं. तोंड होतं. तवा ओकत होता."

ठकुबाई मरेपर्यंत दर वर्षी एक दगड वर आणत राहिली. ती गेली तेव्हा खांबाचा माथा तेवढा दिसत होता. तिच्या माघारी सड्यावर चैत्राची जी पहिली जत्रा भरली त्यात लोकांनी आणलेल्या दगडांखाली तोही झाकला गेला. छावणी पुढे मोडली, साहेब गेले, जिमखान्याची कौले लोकांनी गोठ्यांवर घातली.

गोष्ट संपली. निमकर गुरुजींबरोबरची माणसे उठून धूळ झटकू लागली. गुरुजी म्हणाले, "पण बाबा, खांब तर आता झाकलाच गेलाय. आण पुरी झाली. मग दर जत्रेला अजून दगड कशाला?"

"तुम्ही आलात की," बयाजीबाबा म्हणाले. "काढायला."

समितीने पुढे सड्याचे नाव आपल्या यादीतून काढून टाकले, असे ऐकिवात आहे. वाड्यात त्याचे कुणाला सुखदुःख झाले नाही.

चैत्रातल्या जत्रेला सड्यावर आजही शर्यत होते. नदीतून आपला दगड आपण उचलायचा, हलकाऱ्याच्या वाटेने घाट चढायचा, सड्याला फेरी मारायची. पण त्याआधी खाली पात्रात उभे राहून प्रत्येकाला पोटासाठी काय करतो ते मोठ्याने सांगावे लागते. पंच विचारतो आणि पोरे ओरडून सांगतात: म्हशी, हमाली, पुण्यात रखवालदारी, हॉटेलात भांडी. यंदा एका मुलीने भरतीची तयारी करते असे सांगितले. "ते काम न्हवं!" गर्दी ओरडली. "सकाळी दुधाचा रतीब कोण घालतं मग? तुमचा बाप?" ती उलटून ओरडली, आणि तिला हसत हसत आत घेतले. गेल्या खेपेला पठारावर बंगला बांधलेल्या एका पाहुण्याने आपण आवड म्हणून धावतो असे सांगितले होते. त्याला चहा दिला, सावलीत बसवले, पण रांगेत घेतले नाही.

वर पोचलेल्याने फेरी पुरी करून ढिगाशी यायचे असते. पहिला कोण, हे तिथे कुणी पुकारत नाही. बाहेरगावचा नवखा असेल तर तो देवापुढे वाकावे तसा वाकतो आणि आपला दगड ढिगावर हलकेच ठेवू लागतो. तेव्हा आजही सगळा वाडा, म्हाताऱ्या बायकांसकट, एका आवाजात त्याच्यावर ओरडतो:

"ठेवतोस काय? मार!"